हुंकाराची परतफेड

झुलेमा बर्तोलोत्तीला नाटकात कधी कुणी नायिका केलं नाही, आणि तिनेही तसा हट्ट धरला नाही. ब्यूनस आयर्समधल्या लहानसहान नाट्यगृहांत ती उभं आयुष्य पाहुण्यांचे कोट घेणारी मोलकरीण झाली, लग्नात रडणारी मावशी झाली, मठातली बहिरी जोगीण झाली, आणि एका हिवाळ्यात तर अख्खा हंगाम खाटेवरचं प्रेत झाली. त्या प्रेताबद्दल तिची थोरली बहीण बेबा अजून म्हणते, "तेवढ्या एकाच नाटकात तू गप्प राहिलीस बाई. तेही मेलीस म्हणून."

बेबाची जीभ तिखट असली तरी खोटी नव्हती. झुलेमाला शांतता सोसायचीच नाही. त्यांचा बाप शहराला लागून असलेल्या आवेयानेदात सोफे आणि दिवाण शिवायचा. हात सोन्याचे, डोकं मात्र तापट. तो बडबडत असला की घरात सगळं आलबेल असायचं. तो गप्प झाला की समजावं, आता बशी तरी फुटणार नाहीतर दार तरी आपटणार. त्यामुळे घरात शांतता पसरायला लागली की धाकटी झुलेमा तिच्यात हाताला लागेल ते टाकायची: विनोद, गाणं, रेडिओवरची साबणाची जाहिरात. गळक्या हंड्याला बोट लावून धरावं तसं ती शांततेला बोट लावून धरायची.

या खोडीने तिला नाटकात आणलं आणि याच खोडीने तिला पुढे जाऊ दिलं नाही. समोरचा नट एखादं जड वाक्य टाकून थांबला, की त्या थांबण्याचं पुरतं वजन पडायच्या आत ही आपलं वाक्य घेऊन हजर. दिग्दर्शक रेन्सो पास्तोरीनो तालमीत डोकं धरून बसायचा.

"झुले, ती शांतता तुझी नाहीये गं. ती त्याची आहे. दुसऱ्याच्या ताटातलं खाऊ नये."

"उष्टं तर नाही ना करत? नुसतं चाखते."

दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. तिथे मात्र हीच खोड कामाची. नवी चौकट नाकावर ठेवून गिऱ्हाईक आरशासमोर गप्प उभं राहिलं, की झुलेमाच्याने राहवायचं नाही. "अहो, अगदी न्यायाधीश दिसताय! बायको दोन दिवस उलट बोलणार नाही." गिऱ्हाईक हसायचं आणि चौकट घेऊन जायचं. मालक खूश.

शेवटी रेन्सोच म्हणाला, "झुले, कुणाशी तरी जाऊन बोल." आमच्या शहरात हे काही कुणाला वेडं ठरवणं नव्हे. दाढ दुखत्येय म्हटल्यावर लवंग धर म्हणावं, इतक्या सहज इथे मनोविश्लेषकाकडे जायला सांगतात. तर झुलेमा गेली. आल्माग्रो भागातली जुनी इमारत, लोखंडी जाळीची लिफ्ट, आणि वर डॉक्टर इसिदोरो वाइन्स्तोक. दर गुरुवारी, दुकान सुटल्यावर.

"बापाने जन्मभर दिवाण शिवले," बेबा म्हणाली, "आणि लेक दिवाणावर आडवं पडायला पैसे मोजते. घरी पड ना. मी घेते कमी."

झुलेमा दिवाणावर पडायची, डॉक्टर तिच्या डोक्यामागे, तिला दिसणार नाही अशा खुर्चीत बसायचे. ती बोलायची. डॉक्टर म्हणायचे, "हं."

बस्स. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देणारा लागतो, नाहीतर गोष्ट वाटेतच बसकण मारते, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पण एका हुंकारात किती मजकूर मावतो हे झुलेमाला त्या खोलीत कळलं. एक हं म्हणजे 'पुढे?' दुसरा म्हणजे 'हे तुम्ही मागच्या गुरुवारीही सांगितलंत.' तिसरा नुसताच खुर्ची कुरकुरण्याचा, म्हणजे 'इथे काहीतरी आहे, पण मी हात लावणार नाही, तुम्हीच लावा.' चेहरा दिसत नसल्यामुळे तिने त्यांचा आवाज पाठ केला होता. हुंकार पाठ केले, दोन हुंकारांमधल्या त्यांच्या शांतताही पाठ केल्या.

बऱ्याच वर्षांनी एका गुरुवारी असं झालं की तिच्याकडचं बोलणं संपलं. डॉक्टरही काही बोलेनात. जीभ सवयीने विनोद शोधायला लागली, आणि पहिल्यांदाच तिने जिभेला म्हटलं, थांब जरा. लिफ्ट वर आली, खाली गेली. खिडकीत कबुतर घुमलं. मागची खुर्ची एकदा कुरकुरली. बशी फुटली नाही. दार आपटलं नाही. झुलेमा उताणी पडल्या पडल्या रडली, आणि अश्रू कानात गेले.

मग डॉक्टर म्हणाले, "आज आपण इथेच थांबू."

या वाक्याबद्दल सांगायला हवं. हे वाक्य वेळ संपली म्हणून येत नाही. ते वाक्याच्या मधेही येतं, हुंदक्याच्या मधेही येतं. ते आलं की वाद नाही, 'एवढं सांगते आणि उठते' नाही. पाय आपोआप जमिनीला लागतात, हात कोट शोधतात आणि माणूस जिन्यात उभा असतो. या शहरातली निम्मी माणसं अर्ध्या झोपेतसुद्धा या वाक्यावर उठतील.

त्यानंतर ती थोडेच गुरुवार गेली. दोघांनाही कळलं होतं की काम झालं. शेवटच्या गुरुवारी तर ती जवळजवळ काहीच बोलली नाही. नुसती पडून राहिली, डॉक्टरही नुसते बसून राहिले, आणि ती शांतता अशी होती की दोघांनी मिळून एका रुंद खिडकीतून बाहेर बघावं. दारात तिने हात पुढे केला. "डॉक्टर, आभारी आहे."

"आभारी?" डॉक्टर म्हणाले.

आता ही त्यांची सवय. ती जेव्हा जेव्हा आभार मानायची तेव्हा ते असंच विचारायचे, आणि मग पुढचा अख्खा गुरुवार त्या एका शब्दामागे जायचा: कुणाचे आभार, का म्हणून, न मानले तर काय होईल, बाबांचे कधी मानले होते का. रुग्णाचा एक शब्द फुकट जाऊ देईल तर तो विश्लेषक कसला! पण त्या दिवशी पुढचा गुरुवार नव्हता. लिफ्ट आली, जाळी लागली, आणि झुलेमा आपले आभार हातात तसेच घेऊन खाली आली.

पुढे भेटून सांगावं, तर तशी रीत नाही. विश्लेषक आणि त्याचा माणूस रस्त्यात समोरासमोर आले, की एकाने पलीकडच्या फुटपाथवर जायचं. एकदा चीजच्या दुकानात दोघं शेजारी शेजारी उभे राहिले आणि दोघांनीही चीजकडे असं पाहिलं, जसं चीजच त्यांच्याशी बोलत होतं. दारामागे टांगलेल्या, परत द्यायच्या राहिलेल्या छत्रीसारखे ते आभार झुलेमाच्या घरात पडून राहिले. जाता-येता दिसायचे.

दरम्यान रेन्सोने तिला एक भूमिका दिली होती. एक कुटुंब जेवणाच्या टेबलाशी कडाकडा भांडतं, भांडून एकेक जण निघून जातो, आणि म्हातारी मावशी उरते. ती एक संत्रं सोलते. काही बोलत नाही. संत्रं सोलून होतं, दिवे जातात. एवढंच. पहिल्या प्रयोगाला रेन्सो विंगेत बोटावर बोट चढवून, देवाचं नाव घेत उभा होता, की आता ही काहीतरी पचकणार. झुलेमा पचकली नाही. तिने साल काढली, लांब, न तुटता. प्रेक्षकांचं खोकणं थांबलं. मग खुर्च्यांचं कुरकुरणंही थांबलं. कोळशाच्या जुन्या वखारीचं नाट्यगृह केलेलं ते, 'ला कार्बोनेरा', तिथे एरवी पत्र्यावर मांजर चाललं तरी ऐकू येतं. त्या दिवशी मांजरही थांबलं असावं. नाटक हंगामामागून हंगाम चाललं, आणि रस्त्यात लोक झुलेमाला 'संत्र्याच्या बाई' म्हणायला लागले.

त्याच वखारीत रेन्सो महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी एक विश्लेषक आणि एक रंगकर्मी यांना दोन खुर्च्यांवर बसवून लोकांसमोर बोलायला लावायचा. जागा मिळायची नाही. कारण आमच्याकडे नाटकाला जाणारे आणि विश्लेषकाकडे जाणारे असे दोन गट नाहीतच. माणसं तीच, वार तेवढे वेगळे.

"झुले, पुढच्या वेळचा विषय शांतता," रेन्सो म्हणाला. "तू आणि एक विश्लेषक."

"मी काय बोलणार रे? मी चष्मे विकते."

"शांततेवर बोलायला तुझ्याइतकी बडबडी बाई या शहरात नाही. ये."

"आणि तो विश्लेषक कोण?"

"आहेत एक म्हातारे. म्हणे कधी कुठे भाषण करत नाहीत. पण आपल्या नाट्यगृहाचं नाव काढलं आणि लगेच हो म्हणाले."

आठवड्याने दारावर फलक लागला. झुलेमाने तो वाचला. चष्मा पुसून परत वाचला. तिच्या नावाच्या बरोबर खाली: डॉ. इसिदोरो वाइन्स्तोक.

ही चूक आमच्याच शहरात होऊ शकते. इथे माणूस बसमध्ये शेजारच्याला आपल्या घटस्फोटाची हकीगत सांगेल, त्यावर आपला विश्लेषक काय म्हणाला तेही सांगेल. पण विश्लेषकाचं नाव तो सांगत नाही आणि समोरचा विचारत नाही. ज्याने झुलेमाला 'कुणाशी तरी बोल' म्हणून धाडलं, त्या रेन्सोनेही ते कुणीतरी कोण हे कधी विचारलं नव्हतं.

रविवारी दुपारी बेबाकडे रॅव्हिओली असतात. झुलेमाने पहिला घास घ्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं.

"मग नाही म्हणून कळव," बेबा म्हणाली.

"का म्हणून? फलकावर माझं नाव त्यानेही वाचलंच असेल की. तो नाही म्हणाला का? म्हणजे त्याला चालतंय. किंवा चालत नाहीये, पण नाही म्हटलं तर ओळख दाखवल्यासारखं होईल म्हणून हो. किंवा..."

"रॅव्हिओली गार होतायत."

"बेबा, मी त्याचे आभार मानणार आहे. माइकवर. सगळ्या लोकांसमोर. म्हणणार, हा माणूस नसता तर ते संत्रं मला सोलता आलं नसतं. आता विचारू दे म्हणावं, आभारी? एवढ्या लोकांत विचारून दाखवू दे!"

बेबाने काटा खाली ठेवला. "आणि त्याने काय करायचं? तू म्हणणार, हा माझा डॉक्टर. तो हो म्हणू शकतो? नाही म्हणू शकतो? बिचारा माइक धरून बसेल खांबासारखा."

"गुपित माझं आहे. मी सांगेन नाहीतर दवंडी पिटेन."

"तुझ्याकडे आहे ते तुझं. त्याच्याकडे आहे ते त्याला सांभाळायचंय." बेबाने सॉसचं भांडं तिच्याकडे सरकवलं. "बाबांना लोकांच्या सोफ्यात काय काय सापडायचं आठवतं ना? चिठ्ठ्या, अंगठ्या, एकदा त्या वकिलाकडे भलत्याच बाईचं कानातलं. बाबा लिफाफ्यात घालून, चिकटवून, मालकाच्या हातात द्यायचे. घरात बशा फोडल्या असतील माणसाने, पण कुणाचं गुपित नाही फोडलं."

"तो चांगला होता असं म्हणायचंय का तुला?"

"सोफे चांगले शिवायचा, एवढंच म्हणते. खा."

झुलेमा हट्टी. तिने भाषण पाठ केलं. दुकानात चष्मे पुसता पुसता, ओठ न हलवता.

कार्यक्रमाच्या रविवारी ला कार्बोनेरा गच्च भरलं. हिवाळा होता, सगळ्यांच्या मांडीवर कोट आणि मफलरींचे ढीग. मंचावर दोन खुर्च्या, मधे टेबल, पाण्याचा जग, आणि रेन्सोने हौसेने ठेवलेली संत्र्यांची परडी. कार्यक्रम संपला की रेन्सोची काळी लोकरी टोपी प्रेक्षकांत फिरायची, ज्याला जे वाटेल ते त्याने टाकायचं. ती टोपीही तयार होती.

डॉक्टर आले. झुलेमाने आधी बूट ओळखले. माणूस मात्र तिच्या आठवणीपेक्षा लहान निघाला. दिवाणाच्या मागे बसलेला माणूस नेहमी मोठा वाटतो.

"तुमची आपसांत ओळख नसेल," रेन्सो म्हणाला.

"नाही!" दोघं म्हणाले. इतकं एका सुरात, की दोघांनी तालीम केली होती असं वाटावं.

दिवे बदलले. रेन्सोने लांबलचक प्रस्तावना केली, शांतता या शब्दाभोवती चांगल्या चार घिरट्या घातल्या आणि पहिला प्रश्न पाहुण्यांकडे वळवला. "डॉक्टर, विश्लेषक गप्प बसतो तेव्हा नेमकं काय करत असतो?"

डॉक्टरांनी माइक हातात घेतला. तोंडाजवळ नेला. आणि गप्प राहिले.

प्रेक्षकांत आनंदाची एक लहर गेली. वा! प्रश्न शांततेचा, उत्तरही शांततेतच! पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं देव जाणे. डॉक्टर गप्पच. एक दाढीवाला शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "काय उंची आहे बघ माणसाची." रेन्सो मंचाच्या कडेला मान डोलवत उभा होता.

अख्ख्या वखारीत एकट्या झुलेमाला कळलं की यात उंची-बिंची काही नाही. या माणसाच्या शांतता तिला पाठ होत्या आणि ही त्यातली नव्हती. त्यांच्या शांततेत खुर्ची कुरकुरायची, इथे खुर्ची मेल्यासारखी गप्प होती. अंगठा पँटच्या शिवणीवर वरखाली चालला होता. श्वास छातीच्या वरच्या मजल्यावरच अडकला होता, नवख्या नटाचा अडकतो तसा. डॉक्टर घाबरले होते. ही बशी फुटायच्या आधीची शांतता होती.

तिच्या जिभेवर विनोद येऊन उभा राहिला. चांगला होता. लोक हसले असते, वेळ निभावली असती, आणि 'डॉक्टरांना वाचा फुटेना' ही गोष्ट सोमवारपर्यंत गावभर झाली असती. झुलेमाने तो विनोद गिळला.

ती उठली. आपली खुर्ची उचलली आणि डॉक्टरांच्या मागे, जरा तिरकी, त्यांना दिसणार नाही अशी ठेवली. बसली. लोकांना वाटलं, बसवलेलं आहे. मग तिने त्यांच्या डोक्यामागून, फार मोठ्याने नाही फार हळू नाही, म्हटलं:

"हं."

डॉक्टरांचे खांदे खाली आले. खुर्ची कुरकुरली.

"मला भीती वाटत्येय," ते माइकमध्ये म्हणाले.

लोक हसले, पण मायेने.

"हं."

"मी लोकांच्या मागे बसतो याची मोठमोठी कारणं पुस्तकांत दिलेली आहेत. खरं कारण असं की तिथे माझ्याकडे कुणी बघत नाही." आता हसू मोठं झालं. "माझ्या मामाची नाटक मंडळी होती, आम्हा यहुद्यांच्या यिद्दिश भाषेतली, कोरिएन्तेस रस्त्याच्या मागच्या गल्लीत. लहानपणी मला त्यांनी एक वाक्य दिलं होतं. 'सूप झालंय, या सगळे.' मी पडद्यातून बाहेर आलो, माणसं बघितली, आणि वाक्य गेलं. माझी मामी टेबलाशी चमचा धरून बसलेली. सगळं कुटुंब सुपाची वाट बघतंय. शेवटी मामा म्हणाला, आज उपास करू या."

वखार खदखदून हसली. दाढीवाला डोळे पुसत होता.

"हं," झुलेमा म्हणाली. हा 'पुढे?' वाला.

"तेव्हापासून मी दुसऱ्यांना बोलू देतो. पण नाटक सुटलं नाही. मी येतो. इथेही येतो. सगळ्यात मागच्या रांगेत, खांबाजवळ. ते संत्र्याचं नाटक मी..." ते थांबले. "मी पुष्कळदा पाहिलं. शेवटचे दिवे गेले की ते परत लागायच्या आत मी बाहेर पडतो. टाळ्या कधी वाजवल्या नाहीत. आमच्या कामात टाळ्या बसत नाहीत ना. कुणी चांगलं जगलं म्हणून आम्ही टाळ्या वाजवायला लागलो, तर तो पुढच्या खेपेला आमच्यासाठी जगायला लागेल."

मागे बसलेल्या झुलेमाचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले. म्हणजे खांबाजवळची ती रिकामी खुर्ची. दर हंगामात रेन्सो म्हणायचा, त्या खांबाजवळ कोण बसतं कळत नाही, तिकीट विकलेलं असतं आणि टाळ्यांच्या वेळी माणूस नसतो.

डॉक्टर आता थांबत नव्हते. आयुष्यभर ऐकलेला माणूस बोलायला लागला की त्याला उताराचा रस्ता लागतो. "त्या नाटकातली शांतता ऐकून मी पहिल्या दिवशी खुर्चीला घट्ट धरून बसलो होतो. लोक म्हणत होते काय अभिनय आहे. मला माहीत होतं ती कुठून आली. ती मी आधीही ऐकली होती. माझ्या खोलीत, एका गुरुवारी, शेवटच्या..."

झुलेमाला कळलं की आणखी एका वाक्यात सगळं बाहेर येणार. तिला हवं होतं त्याहून जास्त. ती आभार मानायला आली होती आणि इथे तर तेच मानायला निघाले होते, माइकवर, सगळ्या गावासमोर. नुसतं गप्प राहिलं की झालं. पण पुढच्या वाक्यानंतर हा माणूस सोमवारी सकाळी आपल्या खुर्चीत कसा बसणार? दिवाणावर पडलेला प्रत्येक जण मनात म्हणणार, माझं कधी सांगणार? चाळीस वर्षं चिकटवून ठेवलेले लिफाफे, आणि एक तिच्यासाठी फुटणार. बेबाचं सॉसचं भांडं तिच्या डोळ्यांपुढे आलं.

पाठ केलेलं भाषण तिने मनातल्या मनात घडी करून ठेवलं आणि म्हणाली:

"आज आपण इथेच थांबू."

डॉक्टर वाक्याच्या मधे थांबले.

आणि अख्खी वखार उठली. विचार करून नव्हे. पाय जमिनीला लागले, हात कोटांत गेले. दाढीवाल्याने एका बाहीत हात घातला आणि दुसरी शोधत दाराकडे निघाला. वहीवाल्या बाईंनी वही मिटली, पर्स उघडली, सवयीने नोटा काढल्या, आणि कुणाच्या हातात द्यायच्या ते न सुचून खुर्चीवर ठेवून गेल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. जिन्यात पुढच्या रुग्णाला चुकवून उतरावं तसे सगळे शिस्तीत बाहेर चालले होते.

"अहो!" रेन्सो ओरडला. "अहो, प्रश्नोत्तरं राहिली! टोपी राहिली!" पण ओरडता ओरडता त्याने स्वतःच्या गळ्याला मफलर गुंडाळली होती आणि त्याचाही एक पाय पायरीवर होता. त्याचाही कुठल्यातरी वारी कुणीतरी असणारच. मग भानावर येऊन तो टोपी घेऊन रस्त्यावर लोकांच्या मागे धावला.

वखारीत दोघंच उरली. टाळ्या झाल्याच नव्हत्या.

झुलेमाने खुर्ची उचलून पुन्हा समोर आणली. डॉक्टर हातातल्या माइककडे बघत होते. तो चालू आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी बटण शोधलं, सापडेना, शेवटी तो परडीत संत्र्यांखाली दडपला.

"सेन्योरा," ते म्हणाले, "मी आपला आभारी आहे."

"आभारी?"

तिच्या तोंडून गेलंच. अगदी त्याच चालीवर. तिने जीभ चावली. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. इतके गुरुवार गेले, पण तिने हे हसू ऐकलं नव्हतं. शिंकेसारखं होतं, दोन दमात येणारं.

"वाईट सवय आहे," ते डोळे टिपत म्हणाले.

"तुमचीच आहे."

"फार त्रास व्हायचा का?"

"दर वेळी. अख्खा आठवडा." झुलेमाने भाषण आठवून पाहिलं. त्यात उपमा होत्या, एक चांगला विनोदही होता. "मीही आज त्याचसाठी आले होते. पाठबिठ करून."

ती वाट बघत राहिली. आता ते विचारणार. डॉक्टरांचं तोंड उघडलं, 'आभारी?'मधला तो 'आ' झाला, आणि मग त्यांनी तो सोडून दिला.

"हं," ते म्हणाले.

हा तिच्या साठ्यात नव्हता. यात 'पुढे?' नव्हतं आणि 'तुम्हीच हात लावा' नव्हतं. हातात दिलेली वस्तू माणूस खिशात नीट ठेवतो, तसा होता. झुलेमाने परडीतलं एक संत्रं त्यांच्या कोटाच्या खिशात कोंबलं आणि स्वतःची टोपी डोक्यावर चढवली.

दारात रेन्सो धापा टाकत भेटला. "झुले, तो शेवट! तुमचं आधी ठरलं होतं?"

"नाही रे."

"ओळखही नसताना!"

"ओळखही नसताना."

बाहेर कडाक्याची थंडी होती. डॉक्टर डावीकडच्या फुटपाथने निघाले, म्हणून झुलेमा रस्ता ओलांडून उजवीकडच्या फुटपाथने निघाली. रीत ती रीत. दोघं एकाच दिशेला, एकाच चालीने, मधे रस्ता ठेवून चालत होती. कोपऱ्यावर झुलेमाचा बसथांबा आला. एक बाई कुत्र्याला अंगरखा घालून तिथे उभ्या होत्या.

पलीकडच्या फुटपाथवर डॉक्टरही थांबले. त्यांनी आधी उजवा हातमोजा काढला, मग डावा. दोन्ही खिशात ठेवायला गेले तर खिशात संत्रं. मग हातमोजे दातांत धरले आणि टाळ्या वाजवायला लागले. भर रस्त्यात, एकटे, जोरजोरात. मागच्या रांगेतून बाकी राहिलेल्या सगळ्या हंगामांच्या.

झुलेमाला टाळ्या कशा घ्यायच्या ते शिकवावं लागत नव्हतं. तिने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरून, गुडघ्यात वाकून, लवून नमस्कार केला. मधून बस आली. ती थांब्यावर उभी राहिली तेव्हा पलीकडचा फुटपाथ झाकला गेला. तरी टाळ्या ऐकू येतच होत्या.

"काय हो," कुत्रेवाल्या बाईंनी विचारलं, "ओळखीचे आहेत का?"

"छे," झुलेमा पिशवी उचलत म्हणाली. "ओळख नाही."